होल्डवर ठेवलेली वंदना

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात नीळकंठ लिमयेची सही झाल्याशिवाय लोखंडाचा तुकडा एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जात नसे. इन्स्पेक्टर होता तो. कसर सापडली की जॉबवर लाल पट्टी चिकटवायचा, ‘होल्ड’. मग फोरमन येवो की खुद्द मॅनेजर, पट्टी हलायची नाही. कॅन्टीनमध्ये लोक म्हणत, लिमयेनं स्वतःच्या लग्नात अंतरपाटही फुटपट्टीनं मोजला असेल. असा माणूस अध्यात्माच्या नादी लागला की काय होईल, हे कुणीतरी वेळीच ओळखायला हवं होतं.

पिपलानीच्या क्वार्टर्समध्ये मराठी माणसांचं एक अभ्यास मंडळ दर गुरुवारी भरे. ते चालवायचे काशिनाथ मुळे, प्लॅनिंगमधले, मूळचे ग्वाल्हेरचे. भूलोक, भुवर्लोक, स्वर्लोक करत थेट सत्यलोकापर्यंत सात लोक, एकावर एक. मेल्यावर जीव दुसऱ्यात जातो, तिथली ओढ सुटली की तिसऱ्यात, आणि असाच वर. काशिनाथ सांगायचे मोठं रसाळ. बाकीचे ऐकत, पोहे खात आणि घरी जाऊन विसरत. नीळकंठ मात्र टिपणं काढी. त्याला ही व्यवस्था मनापासून पटली होती, कारण त्याचा कारखाना असाच चालत होता.

एकाहत्तर सालच्या भाद्रपदात त्याची वंदना गेली. नऊ वर्षांची, एकुलती एक. काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत पोर हातची गेली. दोनच दिवसांनी गुरुवार होता. मंडळ भेटायला त्याच्याच घरी आलं. आतल्या खोलीत कमलिनीचा, त्याच्या बायकोचा, आकांत चालला होता. तो कुणालाच ऐकवेना. शेवटी काशिनाथ नीळकंठच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “वहिनींना सांभाळ रे भाई. मागच्यांनी आसवं गाळली की जाणारा जीव तिथंच अडकतो. पोरीला वर जाऊ दे.”

नीळकंठनं मान हलवली. ते वाक्य त्यानं वहीत उतरवलं, खाली तारीख घातली.

त्या दिवसापासून त्या घरात रडणं बंद झालं. कमलिनीचे डोळे भरले की नीळकंठ पाण्याचा पेला आणून समोर धरी आणि हळूच म्हणे, “कमल, ती अडकेल.” वंदनाचे फ्रॉक महिन्याच्या आत वाटून टाकले. फोटो ट्रंकेत गेला. तो दुष्ट नव्हता हो. दुष्ट असता तर कमलिनी त्याच्याशी भांडली तरी असती. स्वतःही रडायचा नाही. दात आवळून आवळून त्याची एक दाढ तडकली होती.

ट्रेसिंग पेपरवर त्यानं सात आडव्या रेघा मारल्या होत्या, ड्रॉइंगला शोभतील अशा. दुसऱ्या रेघेवर लाल पेन्सिलीचा ठिपका, तीच वंदना. घरात कुणी रडलं नाही असं वर्ष गेलं की भाद्रपदात ठिपका जरासा वर सरके. चौथ्या वर्षी तो तिसऱ्या रेघेला टेकायला आला होता. तेव्हाच एकदा कमलिनी जवळच्या सोनागिरीत पिठाच्या चक्कीवर दळण घेऊन गेली. चक्कीच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणून तिनं मन मोकळं केलं. घरी आली तेव्हा पिठानं पांढऱ्या झालेल्या गालांवर दोन ओघळ होते. नीळकंठनं खोडरबर घेतला आणि ठिपका पुन्हा दुसऱ्या रेघेवर आणला.

कमलिनीनं ते पाहिलं. त्यानंतर ती चक्कीवरही रडली नाही.

ब्याऐंशीत काशिनाथ निवृत्त झाले. ग्वाल्हेरला जायचं म्हणून सामान बांधत होते, तेव्हा नीळकंठ कागदाची गुंडाळी घेऊन त्यांच्याकडे गेला. ठिपका आता चौथ्या रेघेच्या अलीकडे होता. आपण चुकत नाही ना, एवढंच त्याला जाणत्या माणसाकडून ऐकायचं होतं.

काशिनाथांनी चष्मा लावून कागद पाहिला. त्यांना उलगडाच होईना. सगळं ऐकल्यावर ते खोक्यावर मटकन बसले.

“अरे भाई, ते तेरा दिवसांपुरतं असतं! तेराव्यानंतर जीव आपल्या वाटेनं जातो, कुणाच्या रडण्यानं थांबत नाही. पुढच्याच गुरुवारी मी हे समजावलं होतं. तू कुठं होतास?”

नीळकंठला आठवायची गरज नव्हती. तो गुरुवार त्यानं होशंगाबादला नर्मदेच्या घाटावर काढला होता, वंदनाच्या अस्थी घेऊन.

“अकरा वर्षं? वहिनी अकरा वर्षं रडल्या नाहीत?” काशिनाथ पुन्हा पुन्हा विचारत राहिले. नीळकंठ कागद तिथंच टाकून उठला.

घरी कमलिनी तांदूळ निवडत होती. तो चपलांसकट तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“कमल, माझं चुकलं. ते तेराच दिवसांचं होतं. आता रड तू. मन भरून रड.”

ती तांदळातले खडे वेचत राहिली.

“ऐकलंस का? काशिनाथांनी स्वतः सांगितलं. ती तेव्हाच गेली वर. तुला उगाच...” अकरा वर्षं दाताखाली धरलेलं सगळं वर आलं आणि लिमये इन्स्पेक्टर लहान पोरासारखा हमसू लागला.

कमलिनीच्या हातातलं सूप गळून पडलं. तांदूळ फरशीभर झाले. तिनं झडप घालून दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून धरलं. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत निव्वळ भीती होती.

“गप्प बसा,” ती म्हणाली. “काशिनाथ काहीही म्हणोत. चौथ्यापर्यंत आणलीय मी तिला. तुमच्या पाया पडते, गप्प बसा.”

तो गप्प बसला. मग ती उठली, माठातून पेलाभर पाणी आणलं आणि त्याच्यासमोर धरलं.