पट्टीच्या रेघेखालचं आमचं गाव

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मुंबईला वहिनीचे दिवस भरत आले होते आणि भावानं आईसाठी चक्क विमानाचं तिकीट पाठवलं. आमच्या घरातून विमानात बसणारी आई पहिलीच. ती मात्र चुलीपुढे हटून बसली.

"रेल्वेत पुलगाव गेलं, बडनेरा आलं, समजते. वर काय समजते? मले आपलं घर दिसन का? नाई तर मी नाई जात."

मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे नकाशाचं पुस्तक हाताशी होतं. नागपूर ते मुंबई पट्टी ठेवली, रेघ ओढली आणि उडालेच. रेल्वे वळणं घेत आठशेच्या वर किलोमीटर जाते. सरळ रेघ जेमतेम सातशे भरली. आणि ती पुलगाव अन् आर्वीच्या मधून, आमच्या गावाला जरा डाव्या हाताला ठेवून जात होती! मुंबई सव्वा तासावर, म्हणजे आमचं गाव दहा-बारा मिनिटांवर.

"दिसन," बाबा म्हणाले. "मी स्लॅबवर आरसा घेऊन उभा राह्यतो. चमकलं की समज, मीच हाव."

"तुमाले सकाळी चष्मा सापडत नाई, इमान सापडन?" असं म्हणत आई उठली आणि पिशवी भरायला लागली.

मी लगेच कामं वाटली. माझ्या यजमानांनी आईला नागपूरला पोचवायचं आणि डावी खिडकी मागून घ्यायची. मी घड्याळ सांभाळायचं. बाबांनी न्हाव्याच्या दुकानातला मोठा आरसा आणायचा. आरशामागोमाग न्हावीही आला. "फुटला तर?" म्हणाला आणि स्लॅबवर ठाण मांडून बसला.

वेळ झाली. विमान नाही. अर्धा तास गेला. ऊन सरकलं की बाबा आरशासकट सरकायचे. शेजारच्या काकू खालून ओरडल्या, "भाऊजी, मिशा पाहून राह्यले का?"

"इमान पाहून राह्यलो!"

बाबा खाली उतरेनात. आईनं आपल्या भरवशावर पाय उचलला होता, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. तेवढ्यात घरघर ऐकू आली. नागपूरकडून चांदीचा ठिपका! उजेडाचा तुकडा आधी निंबावर पडला, मग काकूंच्या भिंतीवर. "वर, बाबा, वर!" मी शाळेतल्या आवाजात ओरडले. आरसा वळला. न्हावी, काकू, आम्ही सगळे हात हलवत होतो. बघता बघता ठिपका नदीपार गेला.

संध्याकाळी किराणा दुकानातल्या फोनवर ट्रंककॉल आला. बाबांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, तरी आई सगळ्या दुकानाला ऐकू येत होती.

"इमानातल्या त्या पोरीले म्हटलं, बाई, आमचं गाव आलं की सांगजो. ते हासली. मग मीच पाह्यत बसली. नदी दिसली, अन् अलीकडं चमकलं!"

"घर दिसलं का?"

"घर कुठचं दिसते! तुमीच दिसले."

"दिसलो!" बाबा दुकानदाराला म्हणाले. कॉलची तीन मिनिटं संपली, फोन कटला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, वहिनीची चौकशी कोणीच केली नव्हती.

"मुंबईवाले सांगतीनच," बाबा म्हणाले. "तू आधी लिहून ठेव. येताना उजवी खिडकी."