खुर्चीत बसलेला घण्या

कुणी फोटो काढायला आलं की मी आधी त्याचे हात बघायचो. हात मऊ असले तर खुर्ची आणि कोट. रापलेले असले तर उभं राहायचं, बाह्या वर, मुठीत अवजार. आम्ही सगळेच फोटोवाले हे पाळायचो. बड्या घरच्या काडीपैलवानांच्या कोटात कापूस कोंबून मी मर्दानी खांदेही काढून दिलेत, तेही चेहऱ्यावर हसू न येऊ देता.

कारखान्यातल्या लोहाराला कापसाची गरज नव्हती. घण मारण्यात हयात गेली, म्हणून सगळे त्याला घण्या म्हणत. बायको बाळंतपणात गेली, त्यानं दुसरी केली नाही. लेकीची वेणी तो स्वतः घालायचा आणि त्यावरून कुणी थट्टा केली तर त्याचा एखादा दात पाडूनच त्याला परत धाडायचा.

लेकीचं लग्न एका कारकुनाच्या घरी जुळत आलं. व्याह्यांनी निरोप पाठवला, मुलीच्या बापाचा फोटो द्या, मग ठरवू. गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून मागून धरणारा माझा लोखंडी चिमटा घण्यानंच घडवला होता. त्याच्या मजुरीच्या बदल्यात तो म्हणाला, "फोटोवाले, मला खुर्चीत बसवा. कोट घालून."

"हातोडा घे की हातात. शोभेल तुला."

"हातोडा व्याह्यांना जन्मभर बघायचाच आहे. एकदा नुसता माणूस बघू दे."

माझा कोट त्याच्या पाठीवर टरकन फाटला. मी टाचण्या मारल्या. पाठ थोडीच फोटोत येते! त्याची मान चिमट्यात अडकवली आणि बजावलं, "आभाळ भरलंय, उजेड कमी आहे. वीस मोजेपर्यंत हलायचं नाही. हललास तर फोटोची काच वाया." मग भिंगावरची टोपी काढून हातात धरली आणि उभ्यानं मोजू लागलो.

चार म्हणालो आणि दार उघडलं. कारखान्याचे धाकटे मालक. पुढची वेळ त्यांची होती. फोटोत रुबाब दिसावा म्हणून घोड्याचा चाबूक आणला होता.

"माझ्या खुर्चीत हा? ए घण्या, ऊठ!"

घण्या हलला नाही. पहिला फटका गालावर बसला. सहा. दुसऱ्यानं कान फाटला, रक्त कॉलरमध्ये उतरलं. नऊ. धाकट्या मालकांना चेव चढला. गुडघ्यांवर, बोटांवर, पुन्हा तोंडावर. कातडी सोलल्याचा आवाज येत होता आणि मी मोजत होतो. घण्याची नजर भिंगावरून ढळली नाही. वीस झाले. मी टोपी लावली.

मग तो उठला. त्यानं मालकांचं मनगट धरून पिळलं, हाड कडकन मोडलं. मग जबड्यावर एकच ठोसा. मालक पडद्यावर रंगवलेल्या बागेवर आदळून खाली पडले. तोंडाचा पार चेंदामेंदा.

फोटोची मसाला लावलेली ओली काच वाळायच्या आत धुवावी लागते. म्हणून त्यांना तसंच टाकून मी अंधाऱ्या खोलीत गेलो. सांगायला लाज वाटते, पण गेलो.

फोटो लखलखीत उतरला. खुर्चीत एक भारदस्त माणूस, गालावर काळसर ओघळ. मारणारा कुठेच नाही. जो स्थिर राहतो तोच काचेवर उतरतो, हलणाऱ्याचं धुकंसुद्धा राहत नाही.

धाकट्या मालकांनी घण्यावर खटला भरला. आधी मालकांनीच मारलं याचा पुरावा म्हणून घण्यानं दिलेला फोटो कोर्टात न्यायाधीशांनी उलटसुलट बघितला. "यात मारणारा कुठे आहे? तुम्ही काय पाहिलंत?"

"मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली होतो साहेब. मला काही दिसलं नाही."

धादांत खोटं. बडी गिऱ्हाइकं तुटतील म्हणून माझी पाचावर धारण बसली होती. घण्याला सात वर्षं सक्तमजुरी झाली. लग्न मोडलं.

महिन्याभरानं लेक फोटो न्यायला आली.

"काका, काल बाबांना तुरुंगात भेटले. ते म्हणाले, पहिल्या फटक्याला तुम्ही मोजायचं थांबला असतात, तर ते खुर्चीतून उठून घरी आले असते. का नाही थांबलात?"

"काच वाया गेली असती, पोरी," मी म्हणालो.