भिंगबाईंचा पोटभाडेकरू

भिंगबाईंनी खोलीत चोरून पोटभाडेकरू ठेवलाय, ही बातमी तळमजल्यावरून गच्चीपर्यंत पोचायला एक सकाळ पुरली. पुरावाही भक्कम होता. बाई एकट्या, तरी रविवारीसुद्धा "त्यांना खायला घालायचं राहिलंय" म्हणत धावत सुटायच्या. त्यात जिन्यावर त्या फोनवर बोलताना खालच्या शिलाईवाल्या वहिनींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "पोटभाडेकरू काही हटत नाही. लोह तोडलं, तरी तग धरून आहे. शेवटी घरालाच पेटवून घ्यावं लागणार." वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरमालक काकांच्या कानी जाईपर्यंत गोष्टीत रॉकेलचा डबाही आला होता.

खरं म्हणजे तो पोटभाडेकरू बाईंच्या खोलीत नव्हताच. तो होता त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका बशीत. क्षयाचा जंतू, ज्या पेशीने गिळलं तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटून बसलेला. बाई त्या पेशींना गुलाबी पाण्यासारखं खाद्य घालतात आणि आतली भांडणं भिंगातून बघतात. प्रयोगशाळेत त्यांचं 'भिंगबाई' हे नाव पडलं ते त्यावरूनच.

एवढं सांगून मोकळं व्हायचं, तर बाईंची जीभ रेटेना. "जंतू" हा शब्द कानी पडताच आधीच्या दोन घरमालकांनी त्यांना सामानासकट बाहेर काढलं होतं. म्हणून काकांना त्यांनी "प्रयोगशाळेत असते" एवढंच सांगितलेलं. आता गप्प बसावं तर पोटभाडेकरूपायी खोली जाणार, बोलावं तर जंतूपायी.

काका आलेच. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, बारीक नजर. पलंगाखाली वाकले, पडद्यामागे बघून आले, कपाटही उघडलं.

"कुठंय तो?"

"कोण, काका?"

"पोटभाडेकरू. आणि घर कधी पेटवताय तेही सांगा. विमा उतरवलेला नाही मी."

बाईंना हसू फुटलं, आणि एकदा हसल्यावर लपवणं जमेना. घरातल्या एकुलत्या खुर्चीवर त्यांनी काकांना बसवलं.

"काका, अंगात शिरलेला जंतू गिळणाऱ्या राखणदार पेशी आपल्याकडे जन्मापासून असतात. गिळला की त्याच्यावर आम्लाची पिशवी रिकामी करतात, खेळ खलास. पण क्षयाचा जंतू बिलंदर. ती पिशवी जवळच येऊ देत नाही, आत मुक्काम ठोकतो."

"मग पेशी काय करते? नोटीस देते?"

"रसद तोडते. त्याला लोह लागतं, ते बाहेर काढून टाकते. तो आतली भिंत फोडून निघाला, तर अंगावर खूण चिकटवते, नव्या पिशवीत गुंडाळते आणि पुन्हा आम्लाकडे धाडते. तेही जमलं नाही तर स्वतःच फुटते, आणि मरता मरता शेजारणींना हाक घालते."

"येतात शेजारणी?"

"आपल्या वहिनींपेक्षा लवकर. घेराव घालून त्याला कोंडतात. कधी कधी जन्मभर."

काकांचा हात छातीवर गेला. लहानपणी ते क्षय झालेल्या आईच्या कुशीत झोपत. छातीच्या फोटोत जुना डाग आहे, हे त्यांनी काकूंनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बाईंना सांगितलं, तेही पुटपुटत.

"म्हणजे माझ्यातही तो...?"

"असेल, नसेलही. बहुतेकांच्यात तो डोकं वर काढत नाही. खोकला रेंगाळला, ताप राहिला, तर मात्र तपासून घ्या. मी येईन सोबत."

काका जरा निवळले. मग आपण घाबरलो याचाच त्यांना राग आला. ते ताडकन उठले.

"ते राहू दे. जंतूंची नोकरी करणारी बाई मला घरात नको. महिनाअखेर खोली सोडा."

बंद खोली, हातमोजे, निघताना बदललेले कपडे, हे सगळं बाईंनी आधीच्या दोघांना समजावून पाहिलं होतं, उपयोग शून्य. या खेपेला त्यांनी तो पाढा वाचलाच नाही. खोली मात्र आजही त्यांच्याकडेच आहे, आणि रविवारी जिन्यात गाठून काकाच विचारतात, "जेवली का तुमची मंडळी?" त्या दिवशी बाई दाराची कडी धरून एवढंच म्हणाल्या होत्या,

"काका, छातीतल्या त्या फुकट्याला तुम्ही जन्मभर सांभाळलंत. मी निदान भाडं तरी देते."