बक्कल ड्युटीवर हाय

माणूस भेटला की आपण तोंडाकडं बघतो ना? आमचे आप्पा जयभीम घालायच्या आधी कमरेकडं बघायचे. "बक्कल मधी घ्या, मग बोला," म्हणायचे. दौंडच्या रेल्वेत आम्ही एकाच शेडला होतो. माझं पोट सुटलेलं, त्यामुळं माझं बक्कल मला स्वतःला दिसायचंच नाही. आप्पांना मात्र बरोबर दिसायचं.

त्यांना नाद होता जुन्या पलटणींचे पट्टे आणि पितळी बकलं जमवायचा, अगदी दीडशे वर्षांपूर्वीची. भिंतीवर लाल कापड ताणून त्यावर ती लावलेली, आणि मधोमध एक जागा मोकळी. ती त्यांच्या खापरपणजोबांच्या बकलाची. ते पलटणीत होते, एवढंच घरात तोंडी चालत आलेलं, पलटणीच्या नंबरासकट. हाताला लागेल असं काही उरलं नव्हतं, आणि ते आप्पांना फार लागायचं.

आता हा माणूस बकलं शोधायचा कुठं? पोळ्याला! शिरूरकडं काही घरांत असली जुनी बकलं बैलाच्या गळपट्ट्याला लावलेली असायची. लोक शिंगं बघायचे, झुली बघायचे. आप्पा माना बघत हिंडायचे. मीही सोबत असायचो, पुरणपोळीच्या आशेनं. एका वर्षी एका खिलार बैलापाशी ते थबकले. गळ्यातल्या बकलावर पलटणीचा तोच नंबर. आप्पांचे डोळे भरून आले.

बैल एका धनगर आबांचा. आप्पांनी सगळं सांगितलं, बदल्यात नवा पट्टा शिवून देतो म्हणाले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या तीन पिढ्यांच्या बैलांनी मिरवलंय ते. उघड्या मानंनं बैल वेशीतून न्हेणार न्हाई मी."

मला रागच आला. आप्पा मात्र म्हणाले, "मग निदान घासू तरी द्या."

तेव्हापासून दर पोळ्याला आप्पा चिंच घेऊन हजर. बक्कल लखलखीत करायचे, पट्टा ओढून ते बरोबर मधे आणायचे आणि बैलामागं ताठ चालायचे. घरी भिंतीवरच्या मोकळ्या जागेबद्दल कुणी विचारलं की छाती पुढं काढून सांगायचे, "ते बक्कल ड्युटीवर हाय."

आप्पा गेले त्या वर्षी पोळ्याला मी एकटाच गेलो, आबांना सांगायला. गावातले बैल वेशीकडं निघालेले; आबांचा दारातच उभा. बक्कल काळं पडलेलं.

"ते आल्याबिगर आमी निघत न्हाई," आबा म्हणाले.

मी सांगितलं. आबांनी डोक्यावरचा पटका काढला. मग घरात जाऊन चिंच आणली आणि माझ्या हातात दिली.

मी घासलं. आप्पांसारखी चमक काही येईना, तरी घासत राहिलो. आबांनी वाकून बघितलं.

"बक्कल मधी घ्या," म्हणाले. "मग निघू."