दारापर्यंत कुरोड्या

कोकिळा चीक घोटत होती. चुलीवर हा एवढा मोठा गंज, त्यात गव्हाचा चीक भदभद उडून राह्यला होता, अन् तिचं सारं ध्यान आतल्या खोलीत घोरणाऱ्या नवऱ्याकडे. घोरणं चालू म्हंजे सारं बरोबर.

"घोट वं, गाठी होतीन!" शेजारची तानुबाई मुद्दाम ओरडली, आत ऐकू गेलं पायजे म्हणून.

सोनाळ्यात कुरोड्या एकट्या बाईच्या होतच नाईत. चीक गरम हाय तोवरच सोऱ्यातून दाबा लागते, त्याले चार-सहा बाया लागतात. म्हणून आज माह्या घरी, उद्या तुह्या घरी, असा नंबर लागते. जी दुसरीकडे गेली नाई, तिच्या घरी कोणी येत नाई. हे तिच्या नवऱ्याले, हर्षललेही ठाऊक, अन् त्याले कुरोड्याइशिवाय जेवण जात नाई. ज्यानं बायकोचा मोबाईल फोडला, दार लावून पट्ट्यानं मारलं, शेजारपाजारी जाणं बंद केलं, तोच यंदा म्हणे, "जाय, पण सीधी घरी ये."

कोकिळा याआधी दोनदा निघाली होती. दोन्ही खेपेस माहेरच्याइनंच वापस आणून सोडली. लोक म्हणतात, गेली तं आली काऊन? अरे बाप्पा, जाईन कुठं? पदरात पोट्टी, हातात एक कागद नाई. तुम्ही निघून दाखवा.

तानुबाईच्या घरी नंबर होता, तवा तिनं कोकिळाच्या मानेवरचा डाग पाह्यला. विचारलं काहीच नाई. आपला मोबाईल तिच्या हातात देला अन् सोऱ्या दाबत बसली. फोनवर नांदुऱ्याच्या समुपदेशन केंद्रातल्या वंदनाताई होत्या. त्या म्हणाल्या, "भांडून निघू नको. जाते म्हणून त्याला सांगू तर अजिबात नको, तीच वेळ सगळ्यात धोक्याची असते. आधी कागदं बाहेर काढ."

मग काय! कोकिळा टोपल्यात ओलं फडकं घेऊन दुसऱ्याइच्या घरी जाये, अन् फडक्याखाली प्लास्टिकच्या थैलीत कधी आधार कार्ड, कधी बँकेचं पुस्तक, कधी लेकीचा, श्रद्धाचा फ्रॉक. सारं हळूहळू तानुबाईच्या कोठीत जाऊन बसलं.

आज तिच्याच घरचा नंबर. श्रद्धा अंगणात दूध-साखर टाकून चीक खाऊन राह्यली होती.

"अवं, प्लास्टिक कमी पडलं," तानुबाई म्हणाली. "माह्या घरून आण. पोट्टीलेही ने."

कोकिळा घोटतच राह्यली. "माय, थो उठला तं?"

"उठू दे ना. उंबरठ्यापर्यंत येईन. पुढं आम्ही हावो."

"अन् हा चीक? खाली लागीन."

"तू जातं का चीक पाह्यतं? जाय! मी घोटतो."

गेली. मांगं काय झालं ते तिले तानुबाईनं फोनवर सांगतलं, हसू आवरत नव्हतं बुढीले.

कुरोड्या नेहमी कंपाउंडच्या भिंतीपासून घालत येतात. त्या दिवशी बायाइनं दारापासून सुरू केल्या. उंबरठ्याले चिकटून प्लास्टिक, तिथून फाटकापर्यंत चादरी. हर्षलच्या फटफटीच्या भोवताल कुरोड्या, सीटवरही चार.

हर्षल बनियनवर बाहेर आला. "कोकिळा कुठी हाय?"

"प्लास्टिक आणाले गेली."

"बाजूले सरका. मले जाऊ द्या."

"जाय ना, बापू. टाक पाय. ओल्या कुरोड्याइवर टाक, सारी गल्ली पाहून राह्यली."

त्यानं पाय उचलला. साऱ्या बाया हातातलं काम सोडून उभ्या झाल्या. दार लावून मारणारा माणूस, दहा जणीइसमोर त्याचा पाय तसाच मांगं आला. बसला उंबरठ्यावर, फटफटीची किल्ली फिरवत.

"वाळतीन कवा?"

"ऊन पडू दे," तानुबाई म्हणाली.

तोवर कोकिळाचा ऑटो वरवट बकालच्या पुढं गेला होता. नांदुऱ्याच्या स्टँडवर वंदनाताई उभ्या होत्या.

आता ती नांदुऱ्यातच राह्यते. पोरींच्या होस्टेलात सैपाक करते. हर्षलनं जवळ यायचं नाई, असा कोर्टाचा आदेश हाय. दार जोरात वाजलं की अजून दचकते, पण कडी तिच्याच हातात हाय.

एक गोष्ट मात्र तिले पार दिवाळीत कळली. होळीनंतर हे नंबर लागले, तवा कोणाच्याच घरी कुरोड्या करायच्या राह्यल्या नव्हत्या. होळीच्या आधी कोकिळा मार खाऊन घरात पडली होती, तवाच साऱ्याइचे डब्बे भरून झाले होते.