भूकंपाचं जुनं नाव

नांदेडला मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. शब्द कुठून आले हे सांगायची मला खोड आहे. पोरं जांभया देतात, मी सांगतोच. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्यात शब्दाचंही घालायला हवं होतं. त्या दुपारी घरी मी 'अर्थक्वेक'चं कूळ काढत बसलो होतो. 'अर्थ' म्हणजे जमीन, 'क्वेक' म्हणजे थरथर. पण हा जोडशब्द तसा नंतरचा. त्याच्याही आधी इंग्लंडातले लोक भूकंपाला 'जमिनीचा गडगडाट' अशा अर्थाचा जोडशब्द वापरत. वाचलं आणि अंगावर काटा आला.

मी किल्लारीकडचा. त्र्याण्णवच्या त्या पहाटे ओसरीत झोपलो होतो म्हणून वाचलो. आत आईजवळ झोपलेला धाकटा भाऊ गेला. आईला लोकांनी दगडमातीतून ओढून काढलं. जमीन हलल्याचं मला फारसं आठवत नाही, आवाज मात्र आठवतो. अजूनही रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की मी आधी छताकडे बघतो. आई तर झोपताना कुणाला कडी लावू देत नाही. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं! बायको विचारते, चोरांसाठी चहाही ठेवू का?

तेवढ्यात तो आवाज आला. खालून, घुमत. मांडणीवरची ताटं किणकिणली. मी खुर्चीतच, छताकडे बघत. शेजारच्या खोलीत पडलेली आई मात्र ताडकन उठली, झोपलेल्या माझ्या चार वर्षांच्या लेकीला उचललं आणि जिना उतरलीसुद्धा.

कुठं काही पडलं नाही. बिल्डिंगमधली माणसं खाली जमली, हसली, आपापल्या घरी गेली. आई पार्किंगमध्ये फरशीवरच बसून राहिली. लेक तिच्या मांडीत चुळबुळत होती.

"आई, थांबलंय आता. वर चल."

"न्हाई. लेकराला वर न्यायचं न्हाई."

"अगं, बारका धक्का होता. एवढं काय भ्यायचं?"

तिनं लेकीच्या कानांवर हात ठेवले.

"तवा बी आदी आवाजच आला. तुझा भाऊ दचकून उठला. आई, काय वाजायलंय म्हणला. मी म्हणलं, आभाळ गरजायलंय, नीज. दाराकडं निघालं होतं रे लेकरू. मीच हाताला धरून निजवलं."