महिपतने केलेली मूठ

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५. शहापूर. सकाळी ऊन. महिपत दहाच्या एसटीने आला, चहा घेतला नाही. आदेशचे रिव्हॉल्व्हर ओटीवर उघडले. साडेअकराला दोष सापडला. तो महिपतचा नव्हता.

डायरीत एवढेच मावले. पण ज्या माणसाला आठवडाभर चोरासारखे वागवले, त्याच्याबद्दल एवढ्यावर थांबणे मला बरे वाटत नाही.

महिपत सिद्धगडाच्या पायथ्याचा. बाप नांगर करायचा. ट्रॅक्टर आले, नांगर गेले, तसा महिपत मुठींकडे वळला. कोयता, कुऱ्हाड, विळा, ज्याला मूठ लागते ते त्याच्याकडे येते. उभे झाड तो तोडत नाही. मोडकी दारे, पलंगाचे खूर गोळा करतो. संधिवाताने माझा अंगठा वळेना, तेव्हा त्याने मला कणकेचा गोळा मुठीत दाबायला लावला आणि त्या ठशावरून माझ्या सुरीला मूठ केली. आजही मी भाजी चिरते ती तिच्याच जोरावर.

आदेश माझा मुलगा. प्लॉटचे व्यवहार करतो. रिव्हॉल्व्हर त्याच्या वडिलांचे, त्यांच्यामागे लायसन्स याच्या नावावर झाले. मुठीच्या काळ्या प्लास्टिकला चीर गेली होती, म्हणून याला लाकडाची हौस आली. सासूबाईंच्या पलंगाचा शिसवी खूर मी दिला. आदेशने महिपतला मापासाठी फक्त जुन्या मुठीच्या दोन फाका दिल्या. हत्यार घराबाहेर गेलेच नाही. नवरात्रात महिपतने नव्या फाका आणून दिल्या, सुपारीसारख्या गुळगुळीत.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी आदेश मित्रांना हत्यार दाखवायला गेला, तर घोडा अर्ध्यावर अडला. चाप दाबला की दाबलेलाच राही. याने ना उघडून पाहिले, ना कोणाला विचारले. त्याच संध्याकाळी आमच्या आणि महिपतच्या, दोन्ही तालुक्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिले : ‘महिपतने माझं लायसन्सचं हत्यार बिघडवलं. याला कोणी काम देऊ नये.’ खाली बासष्ट अंगठे. बासष्ट माणसांतल्या एकालाही प्रश्न पडला नाही!

दुसऱ्या दिवशी एका हवालदाराने महिपतला ठाण्यात बोलावून सकाळपासून पाचपर्यंत बाकावर बसवले. “गावठी कट्टे करतोस का रे?” हा त्याचा प्रश्न. इकडे भात कापणीला आलेले, विळ्यांच्या मुठींचा हाच हंगाम, आणि तीन गावांनी दिलेले काम परत नेले. महिपतची बायको बाईजा फोनवर म्हणाली, “बाई, चार दिस झालं, यांनी पटाशी हातात धरली नाय. नुस्तं बसून हायत.”

मी आदेशला सांगितले, “त्याच्यासमोर उघड.”

“आई, तुला मशीनमधलं काय कळतं?”

“चाळीस वर्षं शिवणयंत्र मीच उघडते आहे. बोलाव त्याला.”

आज तो आला. आदेशने गोळ्या काढून कपाटात ठेवल्या, रिकामे चक्र फिरवून दाखवले आणि हत्यार पुढे केले. “घे, बघ तुझी करामत.”

महिपतने दोन्ही हात मागे घेतले. “मी लोखंडाला हात लावणार नाय. ठाण्यात पुन्ना विचारलं तर मला खोटं बोलायचं नाय. तुमी खोला, मी सांगतो.”

आधी त्याने स्क्रू पाहिला. लांब स्क्रू आत रुततो म्हणाला. स्क्रू जुनाच होता. मग म्हणाला, “आता फाका काढून घोडा ओढा.”

आदेशने ओढला. घोडा तिथेच अडला.

“लाकूड तर पाटावर हाय, सायेब. मंग अडवतंय कोण?”

“आधी दाबून दाबून स्प्रिंग वाकवली असेल तुझ्या लाकडाने.”

महिपतने माझ्याकडे दिव्याची काजळी मागितली. फाकांना आतून काजळी फासून आदेशला त्या बसवायला सांगितल्या. घोडा दोनदा ओढून फाका पुन्हा काढल्या. जिथे लोखंड टेकते तिथली काजळी पुसली जाते. कडेची पुसली होती, कारण फाक टेकते ती कडेवरच. मधली, स्प्रिंगसमोरची, तशीच काळीभोर.

“माझं लाकूड स्प्रिंगीला शिवलं पन नाय. आता तुमीच आत बत्ती मारा.”

आदेशने मोबाइलची बत्ती धरली. चपट्या स्प्रिंगच्या मागे कुंकवाने लाल झालेले दोन तांदूळ, दगडासारखे वाळलेले, भोवती गंज.

मला लगेच उमगले. दसऱ्याला, मुहूर्तावर नवी मूठ चढवायची म्हणून आदेशने जुन्या फाका आधीच काढल्या होत्या. हत्यार उघडेच पाटावर ठेवून आम्ही पूजा केली. अक्षता मीच ओल्या कुंकवात कालवलेल्या, त्याने टाकल्या आणि मीही टाकल्या. मग त्यावरच नव्या फाका आवळल्या. लोखंडाला तांदूळ भरवले आम्ही मायलेकांनी आणि बाकावर बसला महिपत!

आदेशने दाभणाने दाणे काढले, गंज पुसला, तेल दिले. घोडा पूर्ण मागे गेला, चाप जागेवर परतला. मला वाटले, आता हा दोन शब्द बोलेल.

“चला, सुटलं एकदाचं. मेसेज डिलीट करतो मी.”

“पुसून काय व्हतंय?” महिपत म्हणाला. “वाचला त्यानं वाचला. जितं माझं नाव घातलं, तितंच खरं काय ते घाला.”

“अरे, लोक हसतील मला. माझी काय इज्जत राहील?”

“तुझी?” मी म्हणाले. “दिवसभर ठाण्यात तू बसला होतास का?” त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला आणि समोरून हलले नाही. त्याने लिहिले, मी वाचल्यावरच पाठवू दिले : ‘दोष मुठीचा नव्हता. दसऱ्याच्या अक्षता माझ्याच हातून आत गेल्या. महिपतचं काम चोख आहे. मी चुकीचं लिहिलं होतं.’

महिपतने फडक्याने फाकांची काजळी पुसली आणि त्या पिशवीत टाकल्या.

“अरे, त्या माझ्या आहेत!”

“लाकूड बाईंचं, हात माझा. तुमचं त्यात काय हाय?” मग माझ्याकडे वळून, “नेऊ का, बाई?”

“ने,” मी म्हणाले.

तो एकच्या एसटीने गेला. चहा तेव्हाही घेतला नाही. आदेशने चिरलेले प्लास्टिक पुन्हा बसवले. नव्या मेसेजखाली संध्याकाळपर्यंत पाच अंगठे आले. ते बासष्ट जण बहुधा कामात असतील.

रात्रीची डायरीतली नोंद : विरजण लावायचे राहिले. उद्या ताक नाही.